तूट वजा जाता

माझे कामावरचे कपडे आमच्या घरात येत नाहीत. दुकानातच एका टपात ते धुतो आणि टपातलं पाणी मोरीत न ओतता पिंपात साठवतो. कपडे विरले की पत्र्याच्या डब्यात जातात. डबा भरला की ते जाळायचे आणि राख जपून ठेवायची. लग्न होऊन बायको नवीनच चेन्नईला आली तेव्हा हे सगळं पाहून तिनं एसटीडी बूथवरून आईला विचारलं होतं, “यांच्यात देवाचं काही कडक असतं का गं?”

देवाचं काही नाही. सोनं वितळवणाऱ्याच्या कपड्यांत, नखांत, चटईत, केरसुणीत डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण बसतात. वर्षभराची राख, केर आणि पिंपाच्या तळाचा गाळ झारेकऱ्याकडे गेला की त्यातून थोडंफार सोनं परत येतं. फार नाही, पण येतं. दुकानातला केरसुद्धा विकला जातो असा धंदा माणूस सहजासहजी सोडत नाही.

मी गलाईवाला. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ किंवा शेजारच्या माण-खटावात हे सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. दर दोन घरांआड कुणीतरी जुनं सोनं-चांदी आटवायला बाहेर गेलेला असतोच. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मात्र खुलासा करावा लागतो. जुना दागिना मोडायचा झाला की तो वितळवणं, त्याचा कस काढणं, हवं असेल तर त्यातलं तांबं-चांदी वेगळं करून शुद्ध सोनं देणं हे आमचं काम. पंजाबपासून केरळपर्यंत बहुतेक सराफ बाजारांत आमच्याकडची माणसं आहेत. त्यांच्याबद्दल लिहून येतं ते बहुधा एकाच साच्यातलं: दुष्काळ, जिद्द, बंगला. अशा यशोगाथा वाचून मला जरा कंटाळा आलाय. आमच्या दुकानात दिवसभरात कष्ट होतात तितकंच हसणंही होतं, आणि ज्यांच्यामुळे आम्ही इथं टिकलो ती माणसं त्या गोष्टींत कुठंच नसतात. म्हणून हे लिहितोय.

दुकान साहुकारपेठेत, मिंट स्ट्रीटच्या एका बोळात आहे. कंपनी सरकारची टांकसाळ एके काळी या रस्त्यावर होती, त्यावरून हे नाव पडलं. नाणी पाडणारे गेले आणि वितळवणारे आले, असं आमचे मामा म्हणायचे. मामा १९७२च्या दुष्काळात इथं आले. खडी फोडायच्या कामावरून थेट भट्टीवर. तेव्हा सुवर्ण नियंत्रण कायदा होता. किती सोनं ठेवायचं, कुणी ठेवायचं, सगळ्यावर सरकारचा डोळा. तो कायदा १९९० साली उठला आणि पुढच्याच वर्षी मामांनी मला बोलावून घेतलं. दहावीत गणितात पडलेल्या भाच्याच्या हातात तराजू देणारा तो धाडसी माणूस.

सोलापूर, वाडी, गुंतकल, रेणीगुंटा करत गाडी मद्रासला पोचली तेव्हा मला तमिळ एक अक्षर येत नव्हतं. मी मुंबई पाहिलेली नव्हती, आजही नीट पाहिलेली नाही. पण महाराष्ट्रातून आलेला तो ‘बाँबे’चा, असा इथला हिशेब. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी बाँबे सेट. शेजारच्या चहावाल्यानं मला कितीतरी वेळा मोठ्या आशेनं विचारलं, अमिताभ बच्चन तुमच्या घरापासून किती लांब राहतो? मी आमच्याकडच्या विट्यापासूनचं अंतर सांगायचो. त्यानं ते कधी पडताळून पाहिलं नाही, पण माझा चहा मात्र पुढं बराच काळ उधारीवर चालू ठेवला. तमिळ मी त्याच्याच बाकावर शिकलो, आधी आकडे आणि मग भांडण. धंद्याला तेवढं पुरतं.

काम पाहायला सोपं वाटतं. गिऱ्हाइकासमोर दागिना तोलायचा, मुशीत टाकायचा, वर टाकणखार टाकायचा आणि ज्योत लावायची. सोनं १०६४ अंशांना वितळतं. त्याच्या आधी ते लाल होतं, मग कडा सुटतात, मग एका क्षणी सगळा आकार मोडून मुशीच्या तळाशी एक थेंब थरथरत राहतो. मंगळसूत्राची वाटी होती की अंगठी, ते आता कुणालाच सांगता येत नाही. साच्यात ओतलं की लगड तयार. पुन्हा तोलायची. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे तूट, आणि आमच्या धंद्यातली सगळी भांडणं या तुटीवरूनच होतात.

शुद्ध करायचं असेल तर प्रकार लांबतो. सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून वितळवायचं, त्याचे दाणे पाडायचे आणि ते शोऱ्याच्या तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं तेजाबात विरघळतं आणि सोनं तळाशी उरतं. पण ते सोनं सोन्यासारखं दिसत नाही. ओला, तपकिरी चोथा असतो तो. फिल्टर कॉफीच्या भांड्यात उरतो ना, अगदी तसा. गावाकडून नवा आलेला एक पोरगा एकदा तो बीकर विसळायला मोरीकडे घेऊन निघाला होता. मामांनी तिथूनच आरोळी ठोकली, “आरं लेका, सोनं हाय ते!” पोरगं जागीच थिजलं. त्याला वाटलं मामा टर उडवतायत, कारण आदल्याच दिवशी आम्ही त्याला चुना विकत घ्यायला इंग्रजी औषधांच्या दुकानात पाठवलं होतं. आता त्याचं कोइमतूरला स्वतःचं दुकान आहे आणि तिथं कॉफी करायला बंदी आहे म्हणे.

रोज येणाऱ्यांत एक म्हातारे आसारी होते, म्हणजे इथले सोनार. कानशीची कीस, तारांचे तुकडे, तुटलेल्या कड्या कागदाच्या पुडीत बांधून आणायचे. बसले की पहिलं वाक्य ठरलेलं: “नाळैक्कु इरंगुम.” उद्या भाव उतरेल. मी आलो तेव्हा तोळा साडेतीन हजारांच्या आसपास होता. पुढं तो वीस हजार झाला, तीस झाला, पन्नास झाला. आसारींचं मत बदललं नाही. बाजारात कस पाहायची क्ष-किरणांची यंत्रं आली तेव्हा आम्हीही एक घेतलं; वीस-तीस सेकंदांत पडद्यावर कॅरेट दिसतं. आसारींना तो आपला अपमान वाटला. मग आमचा एक खेळ सुरू झाला. आधी ते कसोटीच्या दगडावर रेघ ओढणार, तेजाबाचा थेंब सोडणार, डोळे बारीक करून आकडा सांगणार. नंतर यंत्र. फरक मोठा असेल तर चहा त्यांचा, नसेल तर माझा. हिशेब काढला तर मीच जास्त चहा पाजलेत. भाव लाखापलीकडे गेलेला पाहायला ते राहिले नाहीत. असते तर उद्याचीच वाट पाहत बसले असते.

इथं सोनं सवरनमध्ये मोजतात, आठ ग्रॅमचा एक सवरन. गावाकडचे पाहुणे मोबाइलवर चेन्नईचा भाव पाहतात आणि तो तोळ्याचा समजून मला फोन करतात: तिकडं एवढं स्वस्त आहे आणि तू आम्हाला बोललासुद्धा नाहीस! हा फोन लग्नसराईत हमखास येतो. मी आता समजावणं सोडून दिलंय. पाठवा पैसे, म्हणतो. मग त्यांचं ते शोधून काढतात.

सगळ्यात जास्त आठवते ती काशिमेडूच्या मासळी बाजारातली एक आजी. नातवाची कॉलेजची फी भरायची म्हणून कानातले जुने, वजनदार दागिने मोडायला आली होती. दागिने सासूनं लग्नात घातलेले. मी तोलून वजन सांगितलं, तिनं मान डोलावली, जणू ते तिला आधीच माहीत होतं. स्टूल भट्टीजवळ ओढून बसली. मे महिना, बाहेर कत्तिरीचं, म्हणजे ऐन उन्हाळ्याचं ऊन, आत ज्योत. मी म्हटलं, “पाटी,” म्हणजे आजी, “जरा लांब बसा, पंख्याखाली.” ती जागची हलली नाही. “तू तुझं काम कर तंबी, मी माझं करते,” म्हणाली. तिचं काम म्हणजे पापणी न लववता मुशीकडे पाहणं.

जुन्या पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते. दागिना चेपू नये म्हणून भरतात आणि वजनही चांगलं भरतं. मी ते तिला आधीच सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि पाहणं वेगळं. ज्योत लागताच लाख पेटली, काळा धूर निघाला आणि मुशीत उरलं ते अपेक्षेच्या मानानं फारच कमी. काट्यावर लगड ठेवली. आकडा दिसला आणि दुकान गप्प झालं. अशा वेळी पुढं काय होतं ते आम्हाला पाठ असतं: आवाज चढतो, रस्त्यावरची चार माणसं आत येतात. मामा खुर्चीतून अर्धे उठलेही होते.

आजी काट्याकडे पाहत राहिली आणि मग गदगदा हसायला लागली. इतकी की तिला ठसका लागला. “चाळीस वर्षं त्या बाईनं मला ऐकवलं, बघ किती वजनाचं सोनं घातलंय तुला! चाळीस वर्षं मी तिचे पाय चेपले, आणि कानात काय होतं, तर लाख!” डोळे पुसून तिनं विचारलं, त्या धुराचं काही येत नाही का? मी म्हटलं, नाही. “मग तो माझ्या सासूचा वाटा,” म्हणाली. त्या दिवशी आम्ही मजुरी घेतली नाही, मामांनीच नको म्हणून खूण केली.

त्याची परतफेड पुढच्या आठवड्यात झाली. आजी वर्तमानपत्रात बांधून ताजे मासे घेऊन आली आणि ते पुडकं थेट मामांच्या गल्ल्यावर ठेवलं. मामा माळकरी. साहुकारपेठेचा आमचा बोळ निम्मा जैन. मामांनी दोन्ही हात जोडले. तिला वाटलं, माणूस भारावून गेलाय. माझ्यापुढं दोनच वाटा होत्या, माळेचा अर्थ तमिळमध्ये समजावून सांगणं किंवा पुडकं उचलून पळणं. मी पळालो. मासे आमच्या कामगारांच्या खोलीवर शिजले, गल्ल्याला दोन दिवस वास येत राहिला आणि मामा तेवढे दिवस शेजारच्या दुकानात बसून नामस्मरण करत होते. आजी नंतरही येत राहिली. मासे मात्र थेट पोरांच्या हाती देऊ लागली. कुणीतरी तिला सांगितलं असावं.

आपल्याकडे खंडेनवमी, त्या दिवशी इथं आयुधपूजा. साऱ्या चेन्नईत त्या दिवशी लेथ मशीनपासून रिक्षापर्यंत सगळं धुऊन-पुसून गंध-कुंकू लावतात, चुरमुरे आणि फुटाण्यांचा प्रसाद वाटतात आणि कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडतात. मग संध्याकाळभर त्या कोहळ्यांवरून दुचाकीवाले घसरतात, हाही त्या सणाचाच भाग. आमच्याकडे भट्टी, काटा, सांडशी, मुशी सगळ्यांची पूजा होते. यंत्र आलं त्या वर्षी पोरांनी भक्तिभावानं त्यालाही चंदन फासलं, तेही नेमकं किरणं बाहेर पडतात त्या काचेवर. दुसऱ्या दिवशी यंत्राला बावीस कॅरेटचं सोनं ओळखू येईना. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञानं बोटानं चंदन खरवडलं, वास घेतला, स्वतःच्या कपाळाला लावलं आणि फीचं बिल फाडलं. त्या माणसाबद्दल मला अजून आदर आहे.

चेन्नईचा मुख्य पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. २०१५ साली तो आला तो थांबलाच नाही. १ डिसेंबरच्या रात्री आमच्या बोळातही पाणी चढलं आणि दुकान रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली. आजूबाजूचे सगळे बादल्यांनी पाणी बाहेर उपसत होते. आम्ही मात्र ते पिंपांत भरत होतो, कारण त्या पाण्यात आमच्या फरशीवरचा वर्षभराचा केर होता. शेजारचे कागदाचे व्यापारी लुंगी खोचून हे पाहत उभे होते. “सगळं गाव पाणी बाहेर फेकतंय आणि हा माणूस आत साठवतोय,” असं ओरडून त्यांनी आपल्या पोरांना बोलावलं आणि पोरांच्या हाती आमची पिंपं दिली. त्यांच्या कागदांचे गठ्ठे तेव्हा खालच्या फळीवर भिजत होते. त्यांनी आधी आमची पिंपं भरून दिली.

वीज नव्हती, फोन बंद होते, दुधाची पिशवी मिळत नव्हती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या आईनं त्या दिवसांत आम्हा सगळ्यांना सांबारभात घातला. म्हातारीला आमचं बोलणं कळायचं नाही, पण ताटात भात उरला की ती रागावते हे आम्हाला कळायचं. पिंपांतलं पाणी निवळून, गाळून, चिखल वाळवून शेवटी झारेकऱ्याकडे दिला. निघालं ते सोनं विकून आलेल्या पैशांत आम्ही आणलेल्या नव्या पिंपांची किंमतही भरून आली नाही. हा हिशेब कागदवाल्यांनी मिंट स्ट्रीटभर सांगितला. अजूनही पावसाळा तोंडावर आला की मला विचारतात, पिंपं तयार आहेत ना?

आणि मग २०१९. आधीच्या वर्षी पाऊस नीट झाला नाही, शहराला पाणी पुरवणारे चारही मोठे तलाव आटले. रंगीत प्लास्टिकच्या घागरींच्या रांगा टँकरच्या आधीच लागायच्या. जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वे सुरू झाली, पहिल्या खेपेला २५ लाख लिटर. टीव्हीवर त्या वाघिणी पाहून आमच्या इमारतीतले लोक हळहळत होते. आमच्या घरात मात्र कुणाला नवल नव्हतं, कारण तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल २०१६ मध्ये, आमच्याच मिरजेहून लातूरला अशी रेल्वे गेली होती. बायको आटपाडीची. एका बादलीत आंघोळ, त्याच पाण्यात धुणं आणि उरलेल्यात फरशी हे गणित तिला शाळेत जायच्या आधीपासून येतं. एरवी ती भांडी घासताना नळ करंगळीएवढा सोडते म्हणून शेजारणी तिला हसायच्या. त्या उन्हाळ्यात त्याच तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. तिनं कुणाला टोमणा मारला नाही. नवऱ्याला मारला. “तुमच्या दहावीच्या गणितापेक्षा माझं गणित बरं,” म्हणाली.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हेही सांगायला हवं. तेजाबाच्या वाफेनं मामांची छाती गेली. शेवटची वर्षं ते बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. आता धुराडं, पंखा, मास्क सगळं आहे, तरी रात्री खोकला येतोच. दुसरी भीती चोरीच्या सोन्याची. दागिना कुणाचा हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं आणि वितळल्यावर तर काहीच उरत नाही. परक्या राज्यातले पोलीस आरोपीला घेऊन दारात उभे राहिले की बोळातल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो, गुन्हा असो वा नसो. एकदा असेच आले होते. तासभर वह्या पाहिल्या, काही सापडलं नाही. जाताना त्यांच्यातल्या एकानं हळूच खिशातून आईची बांगडी काढली आणि कस पाहून देता का म्हणून विचारलं. बावीस कॅरेट निघाली. सुटलो एकदाचे, असं आम्हाला वाटलं आणि बहुतेक त्यालाही.

गावाकडं मी दुमजली घर बांधलंय, सहा खोल्या. ते वर्षातून दोनदा उघडतं, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला आणि दिवाळीत. चेन्नईत आम्ही चौघं दोन खोल्यांत राहतो. आमच्या अख्ख्या गावाची हीच तऱ्हा, बंगल्यांना कुलपं आणि कुलपांची राखण करायला म्हातारी माणसं. टेंभूच्या योजनेचं पाणी आल्यावर आता तिथं द्राक्षं, डाळिंबं, ऊस झालाय. ज्या दुष्काळानं आम्हाला हाकललं तो हटला, पण आम्ही काही परत गेलो नाही. माझा मुलगा इथंच शिकला. भांडतो तमिळमध्ये, जेवतो मराठीत आणि गलाई करणार नाही म्हणतो. नको करू म्हटलंय. त्याच्या लहानपणीचे शाळेचे शर्ट बायकोनं अजून जपून ठेवलेत. डब्यात टाकू नका म्हणून मला तिनं स्पष्ट बजावलंय.

वाचकांना एकच सांगायचंय, तेही धंद्यातलं. आजीचा जुना दागिना मोडायची वेळ आलीच तर आत लाख आहे का ते आधी विचारा, वजन दोनदा करून घ्या, वितळवण्याआधी आणि नंतर, आणि मधला सगळा वेळ समोर स्टूल टाकून बसा. बसू देत नसेल त्याच्याकडून दागिना उचला आणि पुढच्या दुकानात जा.